जिवंत आईचे नाव

शुक्रवार, १४ जून १९९६. सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे झाली होती आणि हेरॉन क्रीकच्या चर्चमागील दफनभूमीत उभे दगड एकशे बारा भरले. बोर्घिल्ड नेसेटने ते दोनदा मोजले होते, एकदा पूर्वेकडून आणि एकदा पश्चिमेकडून. एकाच बाजूने मोजले की तीच चूक दोन्ही वेळा होते, असे तांत्रिक महाविद्यालयात नकाशे काढायला शिकवणारे मास्तर तिला सांगत. पुढे परगण्याच्या रस्ते खात्यात नकाशे काढता काढता तिची उभी नोकरी सरली, पण मास्तरांचे ते वाक्य तिने सोडले नव्हते.

"एकशे बारा," ती म्हणाली. "म्हणजे मारितचा दगड एकशे तेरावा."

"तेराचा आकडा चालेल ना तिला?" पास्टर लिंडक्विस्टने विचारले. तो तरुण होता, तीन वर्षांपूर्वी इथे आला होता, आणि त्याचे घराणे मूळचे स्वीडनचे होते. नॉर्वेहून आलेल्या शेतकऱ्यांच्या या चर्च-मंडळीने ते अजून पुरते मनावेगळे केले नव्हते.

"टोळधाड पचवलेल्या बाईला आकड्याचं कसलं भय," बोर्घिल्ड म्हणाली, आणि तिने गुडघे टेकून नव्या दगडाच्या जागेची चौथी खुंटी जमिनीत ठोकली.

खुंट्यांच्या डाव्या बाजूला तिच्या पणजोबांचा, टोर्गाइर ब्रेक्केचा, उंच दगड होता. त्यावर त्याचे नाव होते, जन्माचे वर्ष होते, मृत्यूचे वर्ष होते, आणि खाली दोनच शब्द होते : 'आणि पत्नी'. त्या पत्नीचे नाव कोणी कोरले नव्हते. लहानपणी आजीचे बोट धरून बोर्घिल्ड प्रथम इथे आली, तेव्हापासून ते दोन शब्द तिला सलत होते.

नाव ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. खोऱ्यात कोणालाही विचारा, तो मारित म्हणाला असता. मारित १८६८ साली बैलगाडीतून या गवताळ माळावर आली, तेव्हा सभोवार दहा मैलांत दुसरी गोरी बाई नव्हती. तिने गवतासकट मातीची ढेपळे कापून घर उभे केले. ओल्या फडक्यात गुंडाळून तिने नॉर्वेहून लायलॅकचे मूळ आणले, त्याचे झुडूप आजही जुन्या घराच्या जागी फुलते. टोळ आले त्या वर्षी तिने बियाण्याचे पोते अंथरुणाखाली घालून त्यावर रात्री काढल्या. अठ्ठ्याऐंशीच्या हिमवादळात परतीची वाट हरवू नये म्हणून ती कमरेला दोरी बांधून शेजारणीच्या बाळंतपणाला गेली. हे सारे शाळेतल्या पोरांनाही तोंडपाठ होते. कागदोपत्री मात्र काही नव्हते, कारण मंडळीच्या पहिल्या वीस वर्षांच्या नोंदवह्या पास्टरच्या घराबरोबर १८९१ साली जळाल्या होत्या.

आता मंडळीला सव्वाशे वर्षे पूर्ण होत होती. येत्या तेवीस तारखेला, रविवारी, मारितच्या दगडाचे अनावरण होते. बोर्घिल्ड एकाहत्तर वर्षांची होती, तिला नवरा नव्हता, मूल नव्हते. पणजीला तिचे नाव परत मिळवून द्यायचे, एवढेच काम तिने स्वतःसाठी मागे ठेवले होते. दगडाचा आराखडा तिने स्वतः पूर्ण आकारात काढून दिला होता : वर 'मारित', त्याखाली '१८६८', मग लायलॅकची डहाळी, आणि सर्वांत खाली एकच शब्द, 'मूर'. त्यांच्या बोलीत आईला मूर म्हणतात. अक्षरे कोरून झाली होती. डहाळी सोमवारी कोरायची होती.

तिची आजीही मारितच होती, आणि बहीण पाल्माची बारा वर्षांची नातही मारित. तिच्याच हातून दगडावरची चादर ओढली जायची होती.

खुंट्या झाल्यावर दोघे चर्चच्या तळघरात कॉफीला उतरले. कॉफीचा वास लागताच बाहेरचे गवत कापण्याचे यंत्र बंद पडले आणि सेल्मर ब्रेक्के टोपी झटकत खाली आला. शहात्तर वर्षांचा सेल्मर हा त्याच टोर्गाइरचा पणतू. बोर्घिल्डच्या आणि त्याच्या शेतात एक ओढा तेवढा होता, आणि गेल्या पन्नास वर्षांत दोघांचे बोलणे त्या ओढ्याइतकेच वाहिले असेल : वसंतात थोडे, एरवी कोरडे.

"कॉफी घ्या, सेल्मर," पास्टर म्हणाला.

"नको, आत्ताच झाली."

"अर्धा कप तरी."

"कशाला उगीच."

पहिल्या वर्षी पास्टर इथेच थांबत असे आणि लोक तहानलेले घरी जात. आता त्याला कळले होते. त्याने तिसऱ्यांदा विचारले.

"बरं, एवढं म्हणता तर," सेल्मर म्हणाला आणि त्याने कप काठोकाठ भरून घेतला.

पास्टरच्या घरी तीन आठवड्यांपूर्वी मुलगी झाली होती. तिचा बाप्तिस्मा त्याच रविवारी व्हायचा होता.

"नाव ठरलं का?" बोर्घिल्डने विचारले.

"ठरलं. कारीन. आईचंच."

सेल्मरने साखरेची वडी कॉफीत बुडवता बुडवता हात थांबवला. "कधी गेल्या त्या?"

"कोण?"

"तुमच्या पत्नी."

वरच्या मजल्यावर कोणीतरी ऑर्गनवर रविवारच्या भजनाचा सराव करीत होते. पास्टरने छताकडे बोट केले. "त्याच वाजवतायत की."

"मग पोरीला त्यांचं नाव कसं ठेवता? आई जिवंत असताना तिचं नाव मुलीला देतात होय कुठे? आजीचं देतात. नाहीतर गेलेल्या माणसाचं." सेल्मरने वडी तोंडात टाकली. "तुम्हां स्वीडनवाल्यांत चालत असेल. तुमच्यात काहीही चालतं."

पास्टर हसला. बोर्घिल्डही हसली. मग तिने उचललेला कप ओठांपर्यंत न नेता तसाच बशीत ठेवला.

तिची आजी मारित. आजीची आई मारित. आणि पणजी तर आजीच्या जन्मानंतर चांगली चव्वेचाळीस वर्षे जगली होती. तिच्या मरणाचे १९१९ हे साल घरात सगळ्यांना पाठ होते.

"सेल्मर," ती हळूच म्हणाली, "माझ्या आजीचं नाव मारित होतं."

"होतं ना. चांगली बाई. तिच्या हातची पातळ पोळी पुन्हा खायला मिळाली नाही."

"आणि तिच्या आईचंही मारित."

"नाही," सेल्मर म्हणाला. "तिच्या आईचं नव्हतं."

"मग मारित कोण?"

"मारित माझ्या आजोबांची आई. आमच्या ओले आजोबांची. ते तीन वर्षांचे असताना गेली ती, त्र्याहत्तरच्या थंडीत. बाळंतपणात गेली, आणि पोरही गेलं. टोर्गाइरने पुढच्या वर्षी दुसरं लग्न केलं. तुझी आजी दुसरीची."

वरचा ऑर्गन एका ओळीवर अडखळून पुन्हा सुरुवातीला गेला.

"आणि हे तू मला आज सांगतोस?"

"तू आज विचारलंस."

"अरे, पण गावभर सांगतात. बियाण्याचं पोतं, दोरी, सगळं मारितच्या नावावर सांगतात."

"सांगतात खरं," सेल्मरने मान डोलावली. "मला वाटायचं, दोघींचं मिळून सांगतायत."

पास्टरने साखरेचे भांडे सेल्मरपुढे सरकवले.

बोर्घिल्ड टेबलाच्या कडेवरून बोट फिरवीत राहिली. आजीचा आवाज तिच्या कानात अजून होता. आजी दोन प्रकारांनी बोलत असे. काही गोष्टी 'मारितने' अशा सुरू होत, काही 'मूरने'. लायलॅक मारितने आणले होते, ढेपळांचे घर मारितने बांधले होते. पोत्यावर झोपली ती मूर, आणि दोरी बांधून गेली तीही मूर. बोर्घिल्डने, तिच्या बापाने, साऱ्या गावाने ती दोन माणसे शिवून एक केली होती. आजी आपल्या आईला नावाने कशी हाक मारणार? आणि जिला तिने कधी पाहिले नव्हते, जिचे नाव तेवढे तिच्या अंगावर होते, तिला मारितखेरीज दुसरे काय म्हणणार?

"दुसरीचं नाव काय होतं?" तिने विचारले.

"मूर."

"ते आई झालं, सेल्मर. नाव विचारतेय."

"आजोबा मूरच म्हणायचे. सख्खी नव्हती, पण दुसरं काही म्हणालेलं मी ऐकलं नाही." त्याने रिकामा कप दोन्ही हातांत धरला. एकदा बोलणे सुरू झाले की सेल्मरला ते मध्येच सोडता येत नसे, म्हणूनच तो सहसा सुरू करीत नसे. "आजोबा सांगायचे, ती घरात आली तेव्हा ते खाटेखाली लपून बसले. बाहेर येईनात. जेवण तिथेच सरकवायची. मारित हा शब्द घरात कोणी उच्चारत नव्हतं, टोर्गाइरला सोसायचं नाही म्हणून. मग वर्षाने मुलगी झाली. सगळ्यांना वाटलं, टोर्गाइरच्या आईचं नाव ठेवतील. तर बाप्तिस्म्याच्या दिवशी हिनेच सांगितलं, मारित ठेवा. गेलेल्या बायकोचं नाव पहिल्या मुलीला देतात, तशी रीतच आहे आपली, पण तो मान नवऱ्याने मागायचा असतो. टोर्गाइरने मागितला नव्हता. घरी आल्यावर तिने पाळणा आजोबांपुढे ठेवला आणि म्हणाली, आता तुला दिवसभर मारित म्हणून हाक मारता येईल. कोणी रागावणार नाही."

तो उठला आणि त्याने कप जागेवर नेऊन ठेवला. "आजोबा म्हणायचे, आईचा चेहरा आठवत नाही, पण तिच्या नावाने हाका मारून माझा घसा बसायचा."

"म्हणजे दगड तुमच्या घरचा झाला," बोर्घिल्ड म्हणाली. तिने ते शक्य तितक्या सरळ आवाजात म्हटले. "मारित तुझी पणजी. माझी ती कोणीच नाही."

"असू दे की. मला आनंदच आहे." सेल्मरने टोपी घातली. "पण दोरी बांधून गेली ती ही नव्हे. ते मला बरं वाटत नाही. आणि दोघींत आई कोण म्हणशील, तर आमच्याकडेही ती दुसरीच."

बोर्घिल्ड गाडीने शेतावर पोचली तेव्हा बहीण पाल्मा रविवारी दगडावर पडायची पांढरी चादर इस्त्री करीत होती. बोर्घिल्डकडून तिने सगळे ऐकले. मध्येच इस्त्रीतून वाफ सोडली, ती गरजेपेक्षा जास्त होती.

"दगड कोरून झाला," ती म्हणाली. "आता तू गप्प बस."

"डहाळी राहिलीय. तेवढी जागा रिकामी आहे."

"त्या जागेत लायलॅक येणार. मीच सुचवलं होतं ते. सगळ्या गोष्टीत तुझंच चालतं, एक लायलॅक माझं आहे."

"पाल्मा, ज्या बाईच्या पोटी आजी जन्मली, तिला 'आणि पत्नी' म्हणून पुरलंय. आपण शेजारी दगड उभा करतोय तोही भलतीच्या नावाचा. म्हणजे तिला दुसऱ्यांदा पुरतोय."

"भलतीच्या?" पाल्माने इस्त्री उभी केली. "आयुष्यभर आपण मारितच्या पोटचे म्हणून मिरवलो. सेल्मर ब्रेक्के कॉफीत साखर बुडवून एक वाक्य बोलला आणि आपण कोणाचेच नाही? माझ्या नातीला मी काय सांगू? तुझं नाव जिचं, तिच्याशी तुझं काही नातं नाही?"

"सांग, ज्या बाईशी नातं आहे, तिने ते नाव मुद्दाम ठेवलं. कोणी मागितलं नसताना ठेवलं."

चादरीची घडी पाल्माने उलगडली आणि पुन्हा घातली.

"आणि एवढं करून कोरणार काय?" ती म्हणाली. "नाव तरी कुठे आहे तुझ्याकडे? वह्या जळाल्या. सेल्मरला ठाऊक नाही. माणसं गेली."

"नाव घरातच असणार." बोर्घिल्ड स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसली. वाटेत गाडी चालवताना तिने हा आराखडा मनाशी मांडला होता, आणि एक बाजू तपासून झाली होती. "सेल्मर म्हणतो तशी रीत असेल, तर ती पुढेही चालली असणार. पहिली मुलगी नवऱ्याच्या आईची, दुसरी आपल्या आईची. आजीची पहिली मुलगी आन्ने आत्या. नेसेटांकडची सासू आन्ने होती, ते बरोबर जुळतं. दुसरी मुलगी कोण?"

"ज्युलिया आत्या."

"ज्युलिया हे आपलं नाव नव्हे. अठराशे अठ्ठ्याण्णव साली हेरॉन क्रीकमध्ये कोणी मुलीचं नाव ज्युलिया ठेवलं नसेल. शाळेतल्या बाईंना जे म्हणता आलं ते त्यांनी लावलं असणार, जसं तोर्स्टाइनचं थॉमस झालं. ज्युलियाच्या आधी काय होतं?"

"मला काय ठाऊक? ज्युलियाच होतं. पत्रावर ज्युलिया, थडग्यावर ज्युलिया. बाबा तेवढे तिला कधी ज्युलिया म्हणाले नाहीत. आपल्या बहिणीला असली शहरी हाक मारायची त्यांना लाज वाटायची. ती कोंबड्यांचं दार उघडं टाकून गेली की अंगणातून ओरडायचे…"

पाल्मा थांबली. इस्त्रीचा दिवा विझला आणि पुन्हा लागला.

"काय ओरडायचे?"

"गुरो," पाल्मा म्हणाली. तिने ते बापाच्या आवाजात म्हटले, शेवटचा ओ लांब ओढून, आणि मग स्वतःच ऐकत उभी राहिली. "मला वाटायचं, शिवी आहे."

बोर्घिल्डला हसू आले आणि त्याच्या मागोमाग दुसरे काही आले, म्हणून ती खिडकीकडे वळली. शेताच्या टोकाला, जिथे एके काळी घर होते, लायलॅकचे झुडूप दिसत होते. बहर ओसरून तुरे तपकिरी झाले होते.

"लायलॅक जाणार म्हणजे," पाल्मा म्हणाली.

"दगडावरून जाईल."

"ते तरी मारितनेच आणलं होतं ना?"

"मारितनेच."

"आणि पाणी कोणी घातलं?"

"पाच वर्षं मारितने. पुढची पंचेचाळीस वर्षं हिने."

पाल्माने इस्त्रीची तार भिंतीतून काढली. "मग जाऊ दे," ती म्हणाली. "पण अक्षरं बारीक नकोत. वरच्या नावाएवढीच हवीत. नाहीतर पुन्हा 'आणि पत्नी' दिसायचं."

शनिवारी सकाळी बोर्घिल्डने पास्टरकडून १८९८ सालची नोंदवही मागून घेतली. बहिणीच्या कानावर तिचा विश्वास नव्हता असे नाही, पण दुसऱ्या बाजूने मोजल्याशिवाय तिला चैन पडले नसते. पास्टरने पान काढून दिले. बाप्तिस्मा झालेल्या मुलीचे नाव तिथे स्वच्छ अक्षरांत होते : गुरो. पास्टरने ते मोठ्याने वाचले आणि चुकीच्या जागी जोर दिला. बोर्घिल्डने ते सुधारले.

सोमवारी तिने शहरातल्या क्रान्झला फोन लावला. दगड कोरण्याचा धंदा त्याच्या घरात तीन पिढ्यांचा होता.

"डहाळी रद्द," ती म्हणाली. "तिथे 'गुरो', आणि त्याखाली '१८७४'. वरच्या अक्षरांच्याच उंचीची."

"माझं काम हलकं केलंत. लायलॅकच्या पाकळ्यांनी डोळे जातात," क्रान्झ म्हणाला. "पण मधली जागा पुरेल?"

"जेमतेम पुरते. मी मोजलीय."

"ही दुसरी कोण?"

"माझी पणजी."

"आणि पहिली?"

बोर्घिल्डला उत्तर शोधायला क्षणभर लागला. "तीही," ती म्हणाली.

रविवारी आभाळ स्वच्छ होते. प्रार्थनेत पास्टरच्या मुलीचा बाप्तिस्मा झाला आणि तिचे नाव कारीनच ठेवले गेले. तिसऱ्या बाकावरून सेल्मर शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या आवाजात "स्वीडनवाले" एवढेच म्हणाला. ऑर्गनपाशी बसलेल्या कारीनबाईंकडे पाहून मात्र त्याने मान लववली. त्यांना उदंड आयुष्य लाभो, असा त्याचा भाव असावा.

मग सगळे मागे दफनभूमीत गेले. चादरीचे एक टोक छोट्या मारितच्या हातात होते. दुसरे कोणी धरावे, हे ठरले नव्हते. पाल्माने इकडेतिकडे पाहिले, ओढ्यापलीकडच्या म्हाताऱ्याचा हात धरून त्याला पुढे आणले आणि ते टोक त्याच्या मुठीत दिले. सेल्मरने टोपी काढून काखेत धरली.

चादर सरकली. लोकांनी वाचले. मारित, १८६८. गुरो, १८७४. मूर.

मग मागून कोणीतरी विचारले, "गुरो कोण?"

"तिने माझं नाव ठेवलं," छोटी मारित म्हणाली.

लोकांत थोडी कुजबुज झाली. चाकांच्या खुर्चीत बसलेली टिल्डा ओसेन, जी गावात वयाने सगळ्यांत मोठी होती, ती शालीतून मान बाहेर काढून म्हणाली, "दोघी होत्या. माझी आई सांगायची."

"मग तुम्ही कधी बोलला का नाहीत, टिल्डाबाई?" पास्टरने विचारले.

"विचारलं कोणी?"

सेल्मरने बोर्घिल्डकडे पाहिले. पन्नास वर्षांत प्रथमच ती त्याच्यासमोर मोठ्याने हसली, आणि दफनभूमीत हसू नये असे तिला कोणी सुचवले नाही. पाल्माने लायलॅकची एक पानांची फांदी दगडाच्या पायाशी ठेवली. फुले नव्हती, पण पाने हिरवी होती.

तळघरातून कॉफीचा वास येऊ लागला तसे लोक एकेक करून निघाले. जाता जाता सेल्मर बोर्घिल्डपाशी थबकला.

"ये की ओढ्यापलीकडे एखाद्या दिवशी," तो म्हणाला. "आजोबांचं अजून बरंच आहे सांगण्यासारखं."

"येईन."

"आलीस की विचार मात्र."

तो गेला. बोर्घिल्ड एकटीच मागे राहिली. तिने पूर्वेच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली आणि पश्चिमेच्या कुंपणापर्यंत गेली, आणि मग कुंपणापासून उलटी परत आली. उभे दगड एकशे तेरा होते. शेवटच्यावर नावे दोन.